छप्पर कुणाचं, अनुदान कुणाला?

या अंकाचं संपादकीय विजेवर आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. मारहाण, पोटगी, दारूचं दुकान, रोजगार हमीची मजुरी, रेशन हे आपले नेहमीचे विषय. विजेचा, सौर पॅनेलचा, किलोवॉटचा विषय निघाला की 'ते घरातले पुरुष बघतात' असं म्हणून आपणही बाजूला सरकतो. पण गेल्या दोन-तीन वर्षांत सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम घराच्या छपरावर येऊ लागली आहे. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोल्याकडे, गावोगावी पॅनेल बसवणाऱ्या कंपन्यांची माणसं फिरताहेत, ग्रामसभेत योजना वाचून दाखवल्या जाताहेत, बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे फॉर्म येताहेत. आणि या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. अनुदान छपराला मिळतं. छप्पर कुणाच्या नावावर आहे?

आधी योजना काय आहे ते पाहू. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' जाहीर केली. देशातल्या एक कोटी घरांच्या छतावर सौर यंत्रणा बसवायची, त्यासाठी सुमारे ७५ हजार कोटी रुपये खर्च करायचे, मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत. एक किलोवॉटच्या यंत्रणेला ३० हजार रुपये, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये असं अनुदान. त्यात २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने 'स्मार्ट' या नावाने आपली भर घातली. महिन्याला शंभर युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी ही योजना आहे. एक किलोवॉटचा खर्च ५० हजार धरला, तर केंद्राचं आणि राज्याचं अनुदान मिळून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने फक्त अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने पाच हजार आणि इतरांनी दहा हजार रुपये भरायचे. शिवाय २०२५ मध्येच प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांसाठी राज्याने ५० हजार रुपये वाढवून दिले. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर यंत्रणेला.

म्हणजे कागदावर तरी हा पैसा गरिबाच्या घरापर्यंत यावा अशी आखणी आहे. या योजनांना नावं ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. गरीब घराचं बिल शून्यावर आलं तर त्याचा आनंदच आहे. पारसच्या वीजकेंद्राची राख अकोल्याने सोसली, नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी गेलं, आणि त्याच वऱ्हाडातल्या खेड्यांनी बारा-बारा तासांचं भारनियमन भोगलं. तिथल्या उन्हातून तिथल्याच घरात वीज यावी, ही गोष्ट चांगलीच आहे. प्रश्न आहे तो ती कोणत्या दाराने येते याचा.

ऊर्जा म्हणजे काय, हे बाईला कुणी शिकवायला लागत नाही. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून आणून घरामागे रचायच्या. काही ठिकाणी तर या उपटण्याची मजुरी म्हणून पऱ्हाटीच दिली जाते. तुऱ्हाटी आणायची, गोवऱ्या थापायच्या, पावसाळ्यासाठी झाकून ठेवायच्या. चूल फुंकायची, धूर गिळायचा, डोळे पुसत भाकरी थापायची. पाणी तापवायचं, तेही चुलीवर. घरात दिवसभर लागणारी जी ऊर्जा आहे, तिचा मोठा वाटा बाईच्या अंगमेहनतीतून येतो. तिचं मीटर नाही, म्हणून तिचं बिल नाही, आणि बिल नाही म्हणून ती सरकारच्या हिशेबात नाही. सरकारच्या लेखी 'ऊर्जा' सुरू होते ती मीटरच्या डबीपासून, आणि त्या डबीवरचं नाव बहुतेक घरांत नवऱ्याचं, सासऱ्याचं, कधी वारलेल्या आजेसासऱ्याचं असतं.

घरगुती ऊर्जेसाठी अनुदान ही काही आजची गोष्ट नाही. आधीच्या योजनांचं काय झालं ते आठवलं, तर आजच्या योजनेकडे पाहायला मदत होईल.

१९८१-८२ पासून गोबरगॅसचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर राहिला. अनुदान मिळत होतं, पण ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आणि घरामागे जागा आहे त्यालाच. भूमिहीन मजूर बाई त्यात कुठेच नव्हती. ज्यांच्याकडे संयंत्र बसलं, त्या घरात रोज शेण कालवायचं काम कुणाच्या वाट्याला आलं, हे सांगायला नको. शेणाएवढंच पाणी त्यात घालावं लागतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि गोड्या पाण्यासाठी बाया मैल-मैल जातात, तिथे संयंत्राला रोज आणखी दोन-तीन घागरी पाणी लागणार. ते कोण आणणार, हा प्रश्न योजना आखणाऱ्याच्या मनात आलाच नाही. बंद पडलेल्या टाक्यांत पुढे कोंबड्या राहू लागल्या.

मग सुधारित चूल आली. १९८३ च्या सुमारास सुरू झालेला हा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पर्यंत चालला आणि सरकारी हिशेबात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. दोन भांड्यांची, धुराड्याची चूल. कल्पना चांगली, धूर खरोखर कमी करणारी. पुण्याच्या आरती संस्थेसारख्यांनी त्यावर मनापासून कामही केलं. पण तालुक्याला उद्दिष्ट आलं की चूल बसली एवढीच नोंद व्हायची. भाकरीचा तवा तिच्यावर नीट बसतो का, जाळ जेवढा हवा तेवढा लागतो का, पऱ्हाटीसारखं बारीक जळण तिच्या तोंडात मावतं का, धुराडं कुणी साफ करायचं, फुटलं तर गावात दुरुस्त कोण करणार, हे जिला रोज वापरायची तिला विचारलं गेलं नाही. दोन-तीन वर्षांत कितीतरी चुली फोडून बायांनी पुन्हा आपली तीन दगडांची किंवा मातीची चूल मांडली. मग अहवालात लिहिलं गेलं की ग्रामीण स्त्रियांमध्ये जाणीव-जागृतीचा अभाव आहे!

१ मे २०१६ ला उज्ज्वला आली आणि पहिल्यांदा एक मोठा फरक झाला. गॅसजोडणी घरातल्या प्रौढ बाईच्याच नावावर, अशी अट आली. जोडणीमागे १,६०० रुपयांची मदत सरकारने दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटी जोडण्या पूर्ण झाल्याचा कार्यक्रम आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादला झाला. सिलिंडर घरात आलं, त्याच्या पुस्तकावर बाईचं नाव आलं. पण पुन्हा भरायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरला आणि पावसाळ्यापुरता, पाहुण्यांपुरता, बाळंतिणीपुरता गॅस ठेवून रोजचा स्वयंपाक चुलीवरच राहिला. तरी नावाच्या अटीचं महत्त्व कमी होत नाही. २०२४ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देताना, जोडणी बाईच्या नावावर हवी असं आलं, आणि वर्षानुवर्षं नवऱ्याच्या नावावर असलेल्या जोडण्या बायकोच्या नावावर करून घ्यायला एजन्सीसमोर रांगा लागल्या. जी गोष्ट कितीही समजावून होत नव्हती ती एका अटीने झाली. घरातल्या पुरुषांचा विरोध म्हणतात, तो लाभ दिसला की किती लवकर मावळतो, हेही त्यातून दिसलं.

आता छतावरच्या सौर योजनेकडे परत येऊ. इथे अर्ज करतो तो वीजग्राहक. ज्याच्या नावावर महावितरणचं बिल, तोच अर्जदार. छप्पर त्याच्या मालकीचं किंवा त्याच्या हक्कातलं हवं. अनुदान यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात येतं, आणि खात्यावरचं नाव बिलावरच्या नावाशी जुळावं लागतं. बाईच्या नावाची अट इथे नाही. 'ग्राहक' हा शब्द वरवर ना स्त्री ना पुरुष. पण आपल्या गावातली दहा बिलं काढून पाहा, म्हणजे तो शब्द कोणत्या लिंगाचा आहे ते कळेल.

घरकुलांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचं घर पती-पत्नीच्या संयुक्त नावावर किंवा बाईच्या नावावर मंजूर करायचं, असा नियम आहे. हा नियम असाच आला नाही, चळवळींनी वर्षानुवर्षं मागणी केली म्हणून आला. पण घर उभं राहतं आणि विजेची जोडणी घ्यायला नवरा जातो. घर दोघांचं, मीटर एकट्याचं. आणि सौर अनुदानाचा पैसा घराच्या कागदावरून येत नाही, मीटरवरून येतो. म्हणजे एका खात्याने बाईला जे दिलं ते दुसऱ्या खात्याच्या फॉर्मवर निसटून जातं.

कुणी म्हणेल, नाव कुणाचंही असो, पंखा सगळ्यांच्याच डोक्यावर फिरणार ना? बिल वाचलं तर घराचंच वाचलं ना? हाच युक्तिवाद आपण शेतीच्या सातबाऱ्याबद्दल ऐकत आलो. घर नीट चाललेलं असतं तोवर नावाचा प्रश्न पडत नाही. नवरा गेला, नवऱ्याने टाकलं, दीर-सासऱ्यांनी बाहेर काढलं की पहिल्या दिवशी कळतं, कागदावर कोण होतं आणि कोण नव्हतं. २०१८ मध्ये महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे मकामने, विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांशी बोलून पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्या या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांना कसत्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता, आणि राहत्या घरावर हक्क मिळवू शकलेल्या होत्या फक्त ३५ टक्के. वऱ्हाडात हा आकडा नुसता आकडा नाही, प्रत्येक तालुक्यात त्याला चेहरे आहेत. अशा बाईच्या घराचं बिल अजून मेलेल्या माणसाच्या नावाने येतं. नाव बदलायचं तर वारसाचा कागद हवा, सासरच्यांची संमती हवी, आणि मागची थकबाकी भरलेली हवी. थकबाकी ज्याने ठेवली तो गेला, पण ती तिच्या दाराशी बसून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबासाठी अडीच हजारात वीज, ही घोषणा सगळ्यात जास्त गरज असलेल्या या बाईला नेमकी लागू पडत नाही.

आणि ज्यांना छप्परच आपलं म्हणता येत नाही त्यांचं काय? गायरानावर पिढी काढलेल्या दलित वस्त्या, पारध्यांचे बेडे, शहरातल्या झोपडपट्ट्या, अमरावती-अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्या बाया, नर्सिंगच्या मुली, घरकामगार. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर ज्यांची नोंदच 'अतिक्रमण' अशी आहे, त्यांना कोण अनुदान देणार? मेळघाटात ज्या वस्तीपर्यंत तारच आली नाही, तिथे ही योजना सुरूच होत नाही, कारण ती तारेला जोडलेल्या घरांसाठी आहे. अनुदान मालमत्तेच्या मागून चालतं, तेव्हा ज्यांच्याकडे मालमत्ता नाही ते मागेच राहतात. त्यांच्यातही बाया सगळ्यांत मागे.

दुसरा मुद्दा कर्जाचा. अनुदान नंतर येतं, पैसे आधी लागतात. दोन-तीन किलोवॉट बसवायचं तर कर्ज काढावं लागतं, आणि खेड्यात बँक दारात उभी करते ती बचत गटाला. परतफेड चोख म्हणून गटाची पत आहे. ती बायांनी दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये पोटाला चिमटा घेऊन कमावलेली आहे. म्हणजे कर्ज बाईच्या सहीवर, हप्ता बाईच्या मजुरीतून, यंत्रणा नवऱ्याच्या मीटरवर आणि अनुदान नवऱ्याच्या खात्यात! म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्या बाबतीत आपण हे पाहिलेलं आहे. आता पॅनेलच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नसेल, तर फॉर्मवर अंगठा किंवा सही देण्याआधीच गटाने ठरवायला हवं.

तिसरी गोष्ट, या विजेचं करायचं काय? एक किलोवॉटची यंत्रणा आपल्याकडच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देते, म्हणजे महिन्याला शंभर ते एकशेवीस. दोन दिवे, एक-दोन पंखे, टीव्ही एवढ्या घराची गरज साठ-सत्तर युनिटची. बाकीची वीज तारेत जाते आणि बिलात जमा दिसते. या उरलेल्या चाळीस-पन्नास युनिटमध्ये विजेच्या शेगडीवर एका वेळचा स्वयंपाक होऊ शकतो. म्हणजे चुलीचा निम्मा धूर आणि पऱ्हाटीचे निम्मे भारे वाचू शकतात. पण अनुदानाच्या हिशेबात शेगडी नाही. पंखा, टीव्ही, मोबाइल, पाण्याची मोटर एवढंच विजेचं काम, असं धरलेलं आहे. घराला मंजूर विजेचा भार शेगडीला पुरेल का, वायरिंग तेवढं सोसेल का, याचा विचार पॅनेल बसवतानाच झाला तर स्वस्तात होतो, नंतर महाग पडतो. तो विचार करायला चुलीसमोर बसणारी व्यक्ती बोलणीला हजर असायला हवी. कंपनीचा माणूस येतो तेव्हा ती चहा ठेवायला आत गेलेली असते.

आणखी दोन व्यवहारी गोष्टी मैत्रिणींना माहीत असाव्यात, कारण विकणारे त्या सांगत नाहीत. बॅटरी नसलेली, तारेला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते. भर दुपारी लख्ख ऊन असलं तरी. भारनियमनातून सुटका म्हणून कुणी विकत असेल तर ते खरं नाही. दुसरं, बसवणाऱ्या कंपनीने पाच वर्षं देखभाल करायची, असं योजनेतच आहे. तो करार कागदावर, मराठीत, फोन नंबरसह मागून घ्यावा. वऱ्हाडात उन्हाळ्यात धुळीचा थर बसतो, पॅनेल धुवावं लागतं, आणि खारं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग धरतात. म्हणजे गोडं पाणी लागणार. गोबरगॅसच्या वेळी विचारायचा राहिलेला प्रश्न आज आधीच विचारू. हे पाणी कोण आणणार आणि छपरावर कोण चढणार?

आता छपराबद्दलच. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा टिनाच्या छपराखाली दुपार काढणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे. पूर्वीचं धाब्याचं मातीचं घर थंड असायचं. ते पडलं, तिथे टीन आलं, कारण घरकुलाच्या रकमेत आणि घाईत तेवढंच बसतं. त्या टिनाखाली दिवसभर असतं कोण? बाळंतीण, तान्हं मूल, म्हातारी सासू, शिवणकाम करणारी, पापड-शेवया लाटणारी बाई. पुरुष लिंबाखाली किंवा पारावर जाऊन बसू शकतो. तिला ती मोकळीक नाही. इमारतींत ऊर्जा वाचावी म्हणून देशात २००७ पासून मोठ्या इमारतींसाठी संहिता आहे, राहत्या घरांसाठी २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आली. पण ती पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरल्या बांधकामांचा विचार करते. आपलं घरकुल त्याच्या जवळपासही नाही. ज्या घरात आधीच एसी चालतो तिथे वीज कशी वाचेल, याला संहिता आहे. ज्या घरात पंखाही गरम हवा फेकतो, तिथे बाईला ग्लानी येऊ नये, यासाठी काही नाही.

आणि उपाय तर साधा आहे. छपराला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग दिला, तर आतलं तापमान दोन-चार अंशांनी उतरू शकतं. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने झोपडपट्ट्यांतल्या बायांना सोबत घेऊन हे काम केलं आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी वेगळं धोरणच आणलं. पॅनेलला हजारो रुपये देणाऱ्या सरकारला टिनाच्या छपराला चुन्याचे पैसे देणं जड नाही. पण पॅनेलमागे कंपन्या आहेत, चुन्यामागे कुणी नाही. चुन्यामागे आपल्यालाच उभं राहावं लागेल.

मैत्रिणींनो, नावाची लढाई महाराष्ट्राला नवी नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचं प्रचंड अधिवेशन भरलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ मध्ये महसूल खात्याने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याचं परिपत्रक काढलं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातलं पहिलं महिला धोरण आणलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा देणारी दुरुस्ती राज्याने केली. सगळ्या देशासाठी ती २००५ ला झाली. २००३ मध्ये 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा आदेश निघाला. म्हणजे हक्काचे कागद आहेत. त्यांची अंमलबजावणी गावच्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीवर राहिली, आणि जिथे चिकाटी नव्हती तिथे ते फाइलीत राहिले. आजवर घराची मालकी म्हणजे राहण्याचा हक्क होता. यापुढे घराचं छप्पर कमाईचंही साधन होणार आहे. वीज तयार होणार, युनिट जमा होणार, पैसा खात्यात येणार. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं. आज मीटरवर जे नाव राहील, ते पंचवीस वर्षं लाभ घेईल. म्हणून पॅनेल चढण्याआधी नाव चढलं पाहिजे.

सरकारकडे आपल्या मागण्या या आहेत. घरगुती सौर अनुदानासाठी वीजजोडणी पत्नीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असावी. उज्ज्वलेत झालं ते इथे अशक्य नाही. घरकुल मंजूर होतानाच मीटर संयुक्त नावावर द्यावं, त्यासाठी वेगळा अर्ज लागू नये. विधवा, परित्यक्ता आणि एकट्या बायांचं बिलावरचं नाव बदलण्यासाठी गावपातळीवर शिबिरं घ्यावीत आणि मृताची थकबाकी हा अडसर ठरू नये. ज्यांचं छप्पर स्वतःचं नाही त्यांच्यासाठी शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, समाजमंदिराच्या छतावर सामूहिक यंत्रणा बसवून त्यांच्या बिलात वाटा द्यावा. अनुदानात विजेची शेगडी आणि तिला लागणारं वायरिंग धरावं. आणि टिनाच्या घरांना थंड छपरासाठी मदत द्यावी.

सरकार ऐकेपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचं वीजबिल आणि नमुना आठचा उतारा घेऊन यावं. कुणाचं नाव आहे, ते एका वहीत लिहावं. गावची यादी झाली की ती ग्रामसभेत वाचावी. शंभर घरांत किती मीटर बायांच्या नावावर, हा आकडा मोठ्याने वाचला गेला की पुढची चर्चा आपोआप होते. ज्या घरात पॅनेलची बोलणी चालू आहेत, तिथे गटातल्या दोघींनी जाऊन बसावं आणि वरचे प्रश्न विचारावेत. गटाचं कर्ज असेल तर नाव बाईचं लागल्याशिवाय ठरावावर सही करू नये. आणि बसवण्या-दुरुस्त करण्याचं काम मुलींनी शिकावं. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) इथे खेड्यातल्या बायांनी मिळून सौर पॅनेलचा कारखाना चालवून दाखवला आहे. तेव्हा हे बायांना जमत नाही, असं आता कुणी म्हणू नये. गावात दुरुस्ती करणारी मुलगी असली, तर पॅनेलचं सुधारित चुलीसारखं होणार नाही.

मुदत फार उरलेली नाही. ही योजना संपेल तेव्हा आणखी एक मोठा आकडा जाहीर होईल, इतकी कोटी घरं, इतके मेगावॉट. त्या आकड्यात बाया किती, हे सांगणारा रकाना कुठेही नसेल. तो रकाना आपणच आखायचा आहे, गावच्या वहीत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गटांनी आपापल्या गावच्या याद्या, आलेल्या अडचणी, महावितरणच्या किंवा पंचायतीच्या कार्यालयात मिळालेली उत्तरं आम्हाला लिहून कळवावीत. पुढच्या अंकात त्या गावांच्या नावांसह छापू, आणि एकत्र करून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. पत्रं साधी असली तरी चालतील. घरातल्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलीत तर आणखी चांगलं, म्हणजे नाव कुणाचं आहे तेही कळेल.

- संपादक मंडळाच्या वतीने